गिटारला तार कोणती? आधी लाकडाला विचारा

परीक्षा संपल्या की पुष्कळ घरांत नवी गिटार येते आणि तिच्याबरोबर एक वादही येतो : तारा स्टीलच्या घ्याव्यात की नायलॉनच्या? "स्टीलचा आवाज मोठा, म्हणून तीच चांगली," असे काही जण म्हणतात. "नायलॉन बोटांना मऊ, म्हणून ती नवशिक्यांसाठी," असे इतरांचे मत. माझ्या मते दोन्ही पक्ष तारेकडे पाहतात आणि लाकडाला विसरतात.

माझ्या एका विद्यार्थ्याने आवाज वाढावा म्हणून नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा चढविल्या. महिन्याभरात घोडी उखडली आणि तिच्याबरोबर वरच्या फळीचा टवकाही निघाला. बिचाऱ्याने वर्षभर पैसे साठवून ती गिटार घेतली होती!

असे का झाले? तारेचा स्वर तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि दर सेंटिमीटरचे वस्तुमान यांवर ठरतो. हा नियम फ्रान्समधील मर्सेन यांनी १६३६ साली मांडला. लांबी व स्वर तेच ठेवले, तर जड तारेला अधिक ताण द्यावा लागतो. स्टील नायलॉनच्या सुमारे सातपट घन. म्हणून स्टीलची पहिली तार ०.३ मिलिमीटर इतकी बारीक असूनही ०.७ मिलिमीटरच्या नायलॉनपेक्षा जड भरते. स्टीलच्या नेहमीच्या सहा तारा मिळून ७० ते ७५ किलोग्रॅम वजनाइतक्या ओढतात. नायलॉनच्या सुमारे ४०.

स्टीलच्या गिटारमध्ये ही ओढ सोसण्यासाठी फळीखाली फुलीच्या आकाराच्या भक्कम पट्ट्या असतात. नायलॉनच्या गिटारची फळी हलकी, तिच्याखाली पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक पट्ट्या. उलट, स्टीलच्या गिटारला नायलॉन लावल्यास काही मोडत नाही. पण ती भक्कम फळी पुरेशी हलत नाही आणि आवाज दबका येतो.

नायलॉनला कमी प्रतीची मानणेही चूक आहे. नायलॉनमध्ये उंच उपस्वरांची ऊर्जा लवकर विरते, म्हणून तिचा आवाज गोल वाटतो. स्टीलमध्ये ते उपस्वर टिकतात, म्हणून ती खणखणते. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारांचा तुटवडा झाला, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनविल्या आणि आंद्रेस सेगोव्हिया यांच्यासारख्या थोर वादकाने त्या स्वीकारल्या. ते काय नवशिके होते?

तेव्हा आधी कोणते संगीत वाजवायचे ते ठरवा आणि त्याला साजेशी गिटार घ्या. तारेचा प्रश्न आपोआप सुटेल. गाण्याबरोबर जोरकस ठेका धरायचा असेल, तर सुरुवातीपासूनच स्टील घ्यावी. काहीच ठरले नसेल, तर मी नायलॉन सुचवीन. तार बारीक असली की स्पर्शाचे क्षेत्रफळ कमी आणि बोटावरचा दाब जास्त. त्यातून स्टीलला ताणही अधिक. बोटे दुखली म्हणून पहिल्याच महिन्यात गिटार कपाटावर गेलेली मी पाहिली आहे.

घरात गिटार आधीच असेल, तर नव्या तारा आणण्यापूर्वी तिची घोडी पाहा. तारा घोडीला गाठ मारून बांधल्या असतील, तर ती नायलॉनची. छोट्या खुंट्यांनी भोकांत अडकविल्या असतील, तर स्टीलची. एवढे पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.