दूध टाकणारं मूल आणि जागं घर

सातारा-सांगलीकडच्या आयाबापांनो, आजी-आजोबांनो,

तुमच्या घरातलं मूल चालायला लागलं, दोन-चार शब्द बोलायला लागलं, तरी अजून दूध टाकतंय. रात्री खोकत, ओकत, किंचाळत उठतंय. त्याच्याबरोबर घरातलं कुणीतरी, बहुधा त्याची आईच, महिनोन्‌महिने जागतेय. अशा घरांसाठी हे लिहिलं आहे. यातल्या बहुतेक मुलांना औषध लागत नाही, घरातली संध्याकाळ थोडी बदलावी लागते. थोड्या मुलांना मात्र डॉक्टर लागतो आणि तो वेळेवर लागतो. आपलं मूल यांतलं कोणतं, याचा पहिला अंदाज अंगणवाडीतला वजनकाटा देतो.

आधी हे होतं कशानं ते पाहू. अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली उतरला की ते आवळलं जातं. लहान बाळाचं हे कडं पिशवीच्या सैल नाडीसारखं मधूनमधून सुटतं आणि पोटातलं दूध आंबट रसासह वर येतं. त्यात बाळाची अन्ननलिका आखूड, आहार पातळ आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवं पडून जायचा. म्हणून चौथ्या महिन्याच्या सुमारास दूध टाकणं सर्वांत जास्त असतं. बाळ बसू लागतं, वरण-भात खाऊ लागतं, पावलं टाकू लागतं, तसं ते कमी होत जातं. बहुतेकांचं पहिल्या वाढदिवसाच्या आसपास थांबतं, काहींचं दीड वर्षापर्यंत रेंगाळतं. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. दूध टाकूनही मूल हसतंय, खेळतंय, अंगानं भरतंय, तर तो आजार नाही. घरातलं धुणं तेवढं वाढतं.

दीड वर्ष उलटूनही ते थांबलं नाही, किंवा सहा महिन्यांपर्यंत काहीच नसताना पुढं एकाएकी सुरू झालं, तर मात्र ‘मोठं झालं की होईल बरं’ म्हणून बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. या वयाच्या मुलाला ‘छातीत जळजळतंय’ असं सांगता येत नाही. ते दोन घासांनंतर मान फिरवतं, आडवं केलं की पाठ ताठ करून रडतं, रात्री कोरडं खोकतं, सकाळी त्याच्या तोंडाला आंबूस वास येतो. आपण म्हणतो, नखरे करतंय. काही मुलं जेवणानंतर मान विचित्र वाकडी करतात आणि घरच्यांना फिट आल्यासारखं वाटतं. अशा वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात मूल नेमकं तसं करीलच असं नाही, व्हिडिओवरून डॉक्टरांना बरंच कळतं.

रात्रीचं प्रत्येक रडणं रिफ्लक्सचंच असतं असंही नाही. कान ठणकणं, नाक चोंदणं, घोरणं, बद्धकोष्ठता, जंत, अंगात लोह कमी असणं, यांनीही झोप मोडते. गाई-म्हशीच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी तर काही मुलांत हुबेहूब रिफ्लक्ससारखी दिसते. ती ओळखण्यासाठी दोन ते चार आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ पूर्ण बंद करून पाहतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शेजारणीच्या सांगण्यावरून मुलाचं दूध तोडू नका. त्यापेक्षा आठवडाभर एका साध्या वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, कधी झोपलं, कधी उठलं, कधी ओकलं, रंग कसा होता. डॉक्टरपुढं ही वही दहा तोंडी तक्रारींपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आता संध्याकाळ. आपल्याकडे त्या वेळी घरात कुणाला उसंत नसते. धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं, मग स्वयंपाक. रानातली माणसं घरी येईपर्यंत जेवणाला नऊ-साडेनऊ वाजतात. मूल त्याच पंगतीत बसतं, पेंगत असतं तरी भरवलं जातं, वर कपभर दूध पाजून लगेच आडवं केलं जातं. भरल्या पोटानं आडवं झालं की पोटातलं वर यायला वाट मोकळी होते. रात्र इथं बिघडते.

म्हणून मुलाचं जेवण सातच्या सुमारास उरका. मोठ्यांच्या भाकऱ्या मागून होऊ देत. त्याला मुगाची खिचडी, मऊ वरण-भात, नाहीतर दुपारची भाकरी वरणात कुस्करून द्या. जेवण आणि झोप यांत दोनेक तासांचं अंतर राहू द्या. एकदम पोटभर भरवण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. मूल तोंड मिटतंय तरी मोबाईल दाखवून आणखी चार घास कोंबले, तर ते चार घास आधीच्या आठांना घेऊन बाहेर येतात.

दूध हे पूर्णान्न म्हणून आपण त्यावर फार विसंबतो. वर्षापुढच्या मुलाला दिवसाला अर्धा लिटरपर्यंत दूध पुरतं. गोठ्यात म्हैस आहे म्हणून लिटरभर पाजलं तर जेवणाची भूक मरते, लोह कमी पडतं आणि पोटही साफ होत नाही. रात्री तोंडात बाटली देऊन झोपवणं तर बंदच करा, त्यानं दातही किडतात. मुलाला चहा नको, चहात बुडवलेली खारीही नको. भजी, तिखट रस्सा, चॉकलेट, कोला यांना संध्याकाळी सुट्टी द्या. सांगलीचं भडंग कितीही आवडीचं असलं तरी या वयात नको, कारण त्यातले शेंगदाणे श्वासनलिकेत अडकू शकतात.

धुराकडेही लक्ष द्या. बिडी-सिगारेटचा धूर रिफ्लक्स आणि खोकला दोन्ही वाढवतो. ‘मी दारात ओढतो’ म्हणणाऱ्या बाबांच्या कपड्यांतूनही तो घरात येतो. चूल पेटलेली असताना मूल दुसऱ्या खोलीत ठेवा. बाळाला ओव्याची धुरी देणं, दृष्ट काढून मिरच्या त्याच्याजवळच जाळणं, हे थांबवा. आजींच्या मनाला दृष्ट काढून बरं वाटत असेल तर मीठ-मोहरी ओवाळून बाहेर टाकावी, मुलाच्या नाकात धूर नको. आणि आपल्याकडच्या बऱ्याच बायका मिसरी लावतात, त्यांना हात जोडून सांगणं आहे: मिसरी म्हणजे तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन अंगावरच्या दुधातून बाळाच्या पोटात जातं. मिसरी सोडा, अंगावरचं दूध मात्र सोडू नका.

झोपवायचं कसं, हा नेहमीचा प्रश्न. वर्षाच्या आतल्या बाळाला उताणंच झोपवा, सपाट आणि टणक अंथरुणावर. दूध टाकणारं बाळ उताणं झोपलं तर गुदमरेल, ही भीती खरी नाही. निरोगी बाळ वर आलेलं दूध गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. डोक्याखाली उशी दिल्यानं छाती उंच होत नाही, नुसती मान दुमडते. तिरक्या बिछान्यांमुळे बाळं दगावल्यानं अमेरिकेनं २०२२ मध्ये कायदा करून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. साडीच्या झोळीत बाळाची मान छातीवर दुमडते, म्हणून रात्रभराच्या झोपेसाठी झोळी नको. वर्षापुढचं मूल आपल्याला हवं तसं वळतं, त्याला वळू द्या. कमरेचा करदोटा, चड्डीचं इलॅस्टिक, डायपर, काहीच पोटाला आवळणारं नको.

एवढं करून दोन-तीन आठवडे वाट पाहायची असते. पण जागून जागून माणूस इतका मेटाकुटीला येतो की मेडिकलच्या दुकानात जाऊन ‘काहीतरी द्या’ म्हणतो. तिथं सांभाळा. उलटी थांबवणारी डोंपेरिडोन अनेक घरांत न विचारता दिली जाते. तिच्यामुळं हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये तिच्या वापरावर मर्यादा आणल्या. आम्ल कमी करणारी औषधं खरोखर जळजळ असलेल्या मुलाला डॉक्टर काही आठवड्यांपुरती देतात. साध्या दूध टाकण्यावर त्यांचा उपयोग नाही, उलट पोटाचा आणि छातीचा संसर्ग वाढण्याचा धोका असतो. सर्दी-खोकल्याचं औषध झोपेसाठी पाजणं तर त्याहून वाईट. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा आदेश आपल्याच देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला आहे. गुंगी आणणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलाचा श्वास थांबवू शकतं.

मुलाला गुंगीत ठेवण्याची ही वाट जुनी आहे. शंभर वर्षांपूर्वी सातारा आणि कोकणातून पोटासाठी मुंबईला गेलेली माणसं गिरण्यांत राबत होती. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबई सरकारसाठी गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या जवळपास सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचं दिसलं. अफूच्या त्या गोळीला ‘बाळागोळी’ म्हणत. त्या आया निर्दय नव्हत्या. दिवसभर यंत्रापुढं उभं राहायचं, मूल सांभाळायला कुणी नाही, रात्री झोप नाही, म्हणून त्यांनी गोळी दिली. आज गोळी गेली, पण ब्रँडीचे दोन थेंब, गुटीत जायफळाचे चार वेढे जास्त, झोपेचं सिरप, ही तिचीच भावंडं आहेत. जास्त झालेलं जायफळ लहान जिवाला विषासारखं बाधतं. मधही वर्षाच्या आत देऊ नका. मूल गप्प झालं म्हणजे बरं झालं, असं समजू नका.

आता कधी थांबायचं नाही ते ऐका. उलटी हिरवी झाली, तिच्यात रक्त किंवा काळपट कण दिसले, पोट फुगून टणक झालं, मूल मलूल पडलं, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळे पडले, सात-आठ तास लघवी झाली नाही, तर सकाळची वाट पाहू नका. महिना-दीड महिन्याचं बाळ दर वेळी पाजल्यावर लांब उडणारी उलटी करत असेल, तर तेही त्याच दिवशी दाखवा. १०८ ला फोन करा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि कराडला कृष्णा रुग्णालय आहे.

एवढी घाई नसेल तर दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि माता-बाल कार्डावरच्या रेषेवर ते मांडून घ्या. वर्ष ते दोन वर्षांत मूल साधारण दोन-अडीच किलोनं वाढतं. दोन-तीन महिने वजन जागचं हललं नाही, तर दूध कितीही कमी टाकत असलं तरी डॉक्टरांना दाखवा. आशाताई पंधराव्या महिन्यापर्यंत ठरलेल्या भेटींना येतात, त्यांना रात्रीचंही सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. हंगामात फडावर कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांनी कार्ड सोबत ठेवावं आणि जवळच्या अंगणवाडीत वजन करून घ्यावं. गावकऱ्यांनी त्यांना तिथली वाट दाखवावी.

शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. अशा घरात मुलाइतकीच आईची तब्येत ढासळते. रात्री जागायचं, पहाटे उठून पाणी भरायचं, डबे करायचे, आणि वर ‘तुझंच काहीतरी चुकतंय’ हे ऐकायचं. साधं दूध टाकणं आईच्या खाण्यानं, नजरेनं किंवा निष्काळजीपणानं होत नाही. रात्रीची पाळी लावा. नऊ ते दोन बाबांनी किंवा आजीनं मूल पाहावं, दोननंतर आईनं. शेतीपंपाची लाईट रात्रीची असेल आणि बाबा रानात गेले असतील, तर आईला दुपारी दोन तास झोपू द्या, तेवढा वेळ पोराला आजोबा फिरवतील. उशाशी दोन जादा चादरी, एक टॉवेल, कोमट पाणी ठेवा, दिवा मंद ठेवा. ओकल्यावर पुसून, कपडे बदलून पुन्हा झोपवा, गाणी-गोष्टी-मोबाईल नको. राग अनावर झाला तर मूल अंथरुणावर सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. मुलाला गदागदा कधीही हलवू नका, त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. आईला सतत रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोला. तिथं मराठीतही बोलता येतं.

बहुतेक मुलांचं दूध टाकणं वाढत्या वयाबरोबर थांबतं. तोवर आईला झोप मिळणं हा मुलाच्या उपचाराचाच भाग आहे. तेव्हा घरातल्या पुरुषांनी आणि वडीलधाऱ्यांनी आज रात्रीपासूनच एक पाळी स्वतःच्या नावावर घ्यावी.