गाणं फुकट, कपडे विकत



गेल्या दशलक्षणात, उत्तम शौचाच्या दिवशी, सासूबाईंच्या फोनवर बँकेचे पाच मेसेज आले. सगळे एकाच दुपारचे, मिळून २,३४० रुपये गेल्याचे. सासूबाई तेव्हा बस्तीत प्रवचनाला गेल्या होत्या. फोन घरी होता आणि आमचा धाकटाही घरीच होता. वय बारा. त्यांचा रिचार्ज, लाइटबिल तोच भरतो, त्यामुळे पिन त्याला तोंडपाठ. ते पैसे त्यांनी पेन्शनमधून थोडे थोडे करून विधानासाठी बाजूला ठेवले होते.

संध्याकाळी मी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं त्याला काढायला." लग्नाला अठरा वर्षं झाली, या बाईला मी कधी खोटं बोलताना पाहिलं नाही. लोभ सोडायच्या दिवशी, नातवाला वाचवायला, त्या खोटं बोलल्या. मला पैशांपेक्षा ते जास्त लागलं.

पैसे कशाला गेले होते? मोबाईलवरच्या गेममध्ये आपला जो बाहुला असतो, त्याला घालायला एका परदेशी गायिकेचा पोशाख. आणि तिच्या गाण्यातली नाचाची एक हालचाल, पाच-सहा सेकंदांची. मी हात उगारला, खरं तेच सांगते. तो रडत रडत म्हणाला, "आई, आमच्या ग्रुपमध्ये मी एकटाच साध्या कपड्यांत आहे. सगळे मला बॉट म्हणतात. आणि ते आज रात्री संपणार होतं."

ही गोष्ट महिला मंडळात कशी पोहोचली कोण जाणे. तिथे एका काकूंनी मान हलवत म्हटलं, "संस्कार कमी पडले." घरातही तेच, फक्त शब्द वेगळे: "तुझं लक्ष कुठे असतं?" मैत्रिणींनो, त्या एका वाक्याला उत्तर द्यायला मी आज बसले आहे. पोरगं चुकलं, मीही चुकले. पण या घरात तिसरं कुणीतरी शिरलं होतं आणि त्याचं नावसुद्धा कुणी घेत नाही.

आपल्याकडे गेमचा विषय निघाला की पहिला मुद्दा बंदुकीचा. अहिंसा आपल्या रक्तात, त्यामुळे गोळी, मारामारी दिसली की आपण दचकतो. ते बरोबरच आहे. पण कंपन्यांना ही भीती चांगली ठाऊक आहे आणि तिच्यावर उपायही सोपा आहे. २०२१ साली बीजीएमआय हा खेळ भारतात आला, तेव्हा त्यातल्या रक्ताचा रंग हिरवा ठेवला होता. अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीनच तास खेळता येईल, असा नियमही कंपनीने जाहीर केला. वर्तमानपत्रांत छापून आलं, पालकांना बरं वाटलं. त्याच नियमावलीत आणखी एक ओळ होती. मुलांनी दिवसाला जास्तीत जास्त किती खर्च करायचा, त्याची मर्यादा. ७,००० रुपये. पुन्हा वाचा, दिवसाला. महिन्याचे होतात २ लाख १० हजार. आपल्यापैकी किती जणींच्या घरात सगळी माणसं मिळून महिन्याला एवढं कमावतात? रक्त हिरवं झालं म्हणून आपण समाधानाने झोपलो, पण ही ओळ कुणी वाचली नाही. आपण हिंसेपाशी पहारा दिला आणि परिग्रह मागच्या दाराने आत आला.

आता यात गाणारी मंडळी कुठून आली, ते सांगते. मी धाकट्याकडूनच शिकले आणि मग स्वतः शोधून वाचलं.

गायक गेममध्ये येणं तसं नवं नाही. १९८२ मध्ये जर्नी नावाच्या अमेरिकन बँडवर अटारीचा खेळ निघाला होता. १९९० मध्ये सेगाने मायकल जॅक्सनचा 'मूनवॉकर' आणला. त्यात मायकल नाचता नाचता गुंडांना लोळवायचा. त्यातही धंदा होताच. पण वडिलांनी दुकानात जाऊन एकदा पैसे मोजले, डबा घरी आणला की व्यवहार संपला. मग मूल तो वर्षभर खेळो की दोन वर्षं, दुकानदार काही रोज संध्याकाळी घरात येऊन उभा राहत नव्हता.

पुढे २०१२ मध्ये 'द सिम्स ३' या खेळासाठी केटी पेरीच्या नावाने मिठाया आणि कपड्यांचं वेगळं पॅक विकायला काढलं. म्हणजे मूळ खेळाचे पैसे द्या, आणि वर गायिकेच्या नावाचे वेगळे द्या. आज तर मूळ खेळ फुकटच असतो, आणि खरी गोम तिथेच आहे. 'फुकट आहे ना, मग खेळू दे' असं आपणच म्हणतो. मीही म्हटलं होतं.

फोर्टनाइट हा असाच एक फुकट खेळ. २०१९ च्या फेब्रुवारीत मार्शमेलो या डीजेचा कार्यक्रम त्या खेळाच्या आतच झाला, १ कोटीहून जास्त जण हजर. २०२० च्या एप्रिलमध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, ट्रॅव्हिस स्कॉट या रॅपरचा कार्यक्रम झाला, जेमतेम दहा मिनिटांचा. पहिल्याच खेळाला एका वेळी १ कोटी २३ लाख खेळाडू होते, पाच खेळ मिळून २ कोटी ७७ लाख, असं कंपनीने स्वतः सांगितलं. तिकीट शून्य. पण त्याच्यासारखं दिसायचं असेल, त्याच्यासारखं नाचायचं असेल, तर गेममधल्या दुकानात जायचं. २०२२ च्या जुलैमध्ये ब्लॅकपिंक या कोरियन मुलींच्या गटाचा कार्यक्रम पबजी मोबाईलमध्ये झाला. त्याला एमटीव्हीचं बक्षीससुद्धा मिळालं.

गाण्याशी माझं भांडण नाही. मी स्वतः मंडळात भजनं म्हणते, पेटी वाजवते. कलाकाराने चार पैसे मिळवू नयेत, असंही माझं म्हणणं नाही. लेकरं दहा मिनिटं आनंदाने नाचली तर नाचू देत. माझं भांडण आहे ते गाण्याचं आमिष करून मुलाला दुकानात नेण्याशी, आणि ते दुकान ज्या पद्धतीने मांडलंय त्याच्याशी.

ते कसं मांडलंय, बघा. पहिली गोष्ट, तिथे किंमत रुपयांत नसतेच. आधी रुपये देऊन नाणी घ्यायची, मग नाण्यांत वस्तू. बारा वर्षांच्या मुलाला ४०० रुपये म्हणजे काय ते कळतं, वडापावच्या हिशोबात का होईना. ३०० नाणी म्हणजे काय, ते मला तरी कुठे कळतं? दुसरी गोष्ट, नाण्यांची पाकिटं अशी पाडलेली की हव्या त्या वस्तूला थोडी कमी पडतात किंवा थोडी उरतात. म्हणून पुन्हा घ्यायची. आमचे पाच मेसेज तसेच आले. तिसरी गोष्ट, घड्याळ. वस्तूखाली तास-मिनिटं उलटी पळत असतात. कॉम्प्युटरमधला कपडा संपत नसतो, तो ना मागावर विणलाय ना गोदामात ठेवलाय. संपतो तो फक्त मुलाचा विचार करायचा वेळ. आणि चौथी गोष्ट, सगळ्यात वाईट: सोबत्यांचं हसणं. फोर्टनाइट खेळणाऱ्या मुलांत, ज्याने काही विकत घेतलं नाही त्याला 'डिफॉल्ट' म्हणून चिडवतात. आपल्याकडे 'बॉट' म्हणतात. कंपनीला जाहिरात करायची गरजच उरत नाही, ती मुलं एकमेकांची करतात.

हे मी एकटीच म्हणत नाही. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवले होते. बटणांची रचनाच अशी की चुकून खरेदी व्हावी, मुलांना आईवडिलांच्या संमतीशिवाय खरेदी करता यावी, आणि पालकांनी बँकेकडे तक्रार केली तर खातंच बंद व्हावं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने एकूण ५२ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. त्यातले २४.५ कोटी डॉलर गिऱ्हाइकांना परत देण्यासाठी होते. आता त्या काकूंना विचारावंसं वाटतं, अमेरिकेतल्या त्या सगळ्या आयांचे संस्कार एकदमच कमी पडले होते का?

आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला. चांगलं झालं. पण इथे मूल पैसे लावत नाही, जिंकायची आशाही नाही. ते सरळ देऊन टाकतं. त्यामुळे हा व्यवहार जुगारात बसत नाही, आणि कायदा बाजूने निघून जातो.

आता तुमच्यातली एखादी म्हणेल, आपण तरी काय करतो? लग्नसराईत बारा हजारांची पैठणी घेतो, 'सेलचे शेवटचे दोन दिवस' वाचून रिक्षा पकडतो. मग मुलाने चारशेचा ड्रेस घेतला तर एवढं काय? मुद्दा खरा आहे आणि मला तो टोचलाही. पण पैठणी घेताना मी मोठी बाई असते, किंमत रुपयांत ऐकते, घासाघीस करते, नको म्हणून उठून येऊ शकते. ती पैठणी नंतर जावेच्या लेकीला जाते, जुनी झाली की तिचे काठ परकराला लागतात. गेममधला पोशाख ना कुणाला देता येतो ना घरात उरतो. अटी वाचल्या तर तो आपल्या मालकीचाच नसतो, वापरायची नुसती परवानगी असते. तरीही एवढं मान्य करते, की ज्या घरात आई सेलचं घड्याळ बघून धावते, तिथे मुलाला घड्याळाचा राग येणार नाही. भोगोपभोगाचं परिमाण आपण चातुर्मासात भाज्या आणि पदार्थ मोजून घेतो. या वर्षी मी त्यात फोन घातला.

आमच्या घरात आता चार गोष्टी ठरल्या आहेत. पिन सासूबाईंना आणि मलाच माहीत, मुलाच्या हातून बिल भरायचं असेल तर पिन आम्ही टाकतो. फोनमधल्या खरेदीला माझी मंजुरी लागेल, अशी सेटिंग करून घेतली. अर्ध्या तासाचं काम आहे, जमलं नाही तर शेजारच्या कॉलेजच्या मुलीला बोलवा. तिसरं, काहीही घ्यायचं तर आधी वहीत रुपयांत लिहायचं. आणि चौथा नियम आम्हा सगळ्यांना, मलासुद्धा: ज्या वस्तूखाली घड्याळ पळतंय, ती घ्यायची नाही. घड्याळ संपल्यावर हवीशी वाटली तर बोलू.

पण घरातले नियम पुरणार नाहीत, आणि नुसते नियम करून गप्प बसणं म्हणजे सगळा दोष पुन्हा आपल्याच पदरात बांधून घेणं. मुलांच्या खेळात किंमत रुपयांत दाखवा, घड्याळ काढा, पालकांच्या होकाराशिवाय एक पैसा घेऊ नका, आणि मुलाने केलेली खरेदी परत करा. एवढ्या चार मागण्या आपली महिला मंडळं खासदारांना, ग्राहक पंचायतीला लिहून देऊ शकत नाहीत का? बस्तीच्या रंगकामाची वर्गणी आपण दारोदार फिरून गोळा करतो. मग ही सह्यांची पाटी फिरवणं काय अवघड?

आम्हीही पैसे परत मागितले. तीन दिवसांनी उत्तर आलं, की वस्तू वापरली गेली आहे, परत होणार नाही.

धाकट्याने अनंत चतुर्दशीपर्यंत गेमला हात लावला नाही, मी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी त्या एका खोट्यासाठी दोन दिवस मीठ सोडलं. क्षमावाणीला मी त्याची हात उगारल्याबद्दल क्षमा मागितली, त्याने आजीची मागितली. बारा वर्षांच्या मुलाने प्रायश्चित्त घेतलं, बाहत्तर वर्षांच्या बाईने घेतलं, मीही घेतलं. ज्याने ते दुकान मुलाच्या हातात मांडून दिलं, तो तेवढा राहिला.