घरचा उपळसरीचा चहा

उन्हाळा लागला की आपल्या घरोघरी खाजेची तक्रार सुरू होते. पत्र्याची खोली, बदलापूर लोकलची गर्दी, उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्यांचा घाम, अंबरनाथच्या एमआयडीसीतली रसायने. मग कुणीतरी सांगते, "उपळसरीचा काढा घे, रक्त शुद्ध होईल."

उपळसरी म्हणजेच अनंतमूळ. बदलापूर स्टेशनजवळ रानभाज्या घेऊन बसणाऱ्या एका ठाकर आजीकडून मी ती आणते. मूळ बारीक, लांब, तांबूस-तपकिरी. चोळले की व्हॅनिलासारखा गोड वास येतो. वास नसेल तर घेऊ नका, कारण तशा दिसणाऱ्या वेली बऱ्याच आहेत. स्वतः खणायला तर जाऊच नका.

मूळ स्वच्छ धुवून सावलीत वाळवा, खलबत्त्यात भरड कुटा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. दोन कप पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून चहाचा एक चमचा भरड टाका. वीस मिनिटे झाकून ठेवा, गाळा, हवा तर गूळ घाला. खळाखळा उकळत ठेवाल तर सुगंध वाफेबरोबर उडून जाईल. दक्षिणेत याच मुळाचे नन्नारी सरबत लिंबू पिळून पितात. आमच्या मुलांना तेच जास्त आवडते. गरोदर बाईने, किंवा रोजची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

याने गोरेपणा येत नाही. आणि तो आणायचा तरी कशाला?

पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. आमच्या चाळीतल्या एका मुलाच्या दंडावर फिकट चट्टा आला. मीच त्याला या मुळाची पुडी दिली. खाजत नव्हते, दुखत नव्हते, म्हणून तो खूश आणि मीही. चार महिन्यांनी गरम तवा तिथे टेकला, तरी त्याला कळले नाही. सरकारी दवाखान्यात निदान झाले, कुष्ठरोग. गोळ्या फुकट मिळाल्या, त्याने त्या नेमाने पूर्ण केल्या आणि आज तो कामावर आहे. मी बी.कॉम. झालेली कारकून, ते चार महिने माझ्या नावे पडले आहेत, ते मी पुसणार नाही.

म्हणून न खाजणारा, बधिर चट्टा दिसला तर चहा बाजूला ठेवा आणि सरकारी दवाखाना गाठा. उपचार सहा महिने ते वर्षभर चालतात. लवकर सुरू झाले तर हातापायांत व्यंग येत नाही. औषध चालू झाल्यावर रोग पसरण्याची भीतीही राहत नाही, तेव्हा त्या माणसाचे ताट वेगळे करू नका.

गजकर्णाचेही तसेच. मेडिकलमधून विचारून आणलेल्या मलमात बहुधा स्टिरॉइड असते. चार दिवस बरे वाटते, मग गजकर्ण दुप्पट पसरते. डॉक्टरांना दाखवा, घरात इतर कुणाला असेल तर त्यालाही सोबत न्या, आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवून उन्हात वाळवा.