काचेतली हलगी

दोस्तांनो, वारसा म्हणजे काय ते परवा कळलं. वारसा म्हणजे मढ्याचा सत्कार. तोही पोस्टमार्टेम करून, जातीचा तुकडा कापून टाकून केलेला.

गोदीतली रात्रपाळी उतरून फोर्टात गेलो. महाराष्ट्राच्या सांगीतिक वारशाचं प्रदर्शन भरलेलं. दारात फेटे बांधून चार पोरं हलगी वाजवत उभी. पाव्हणा आला की वाजवायचं, पाव्हणा आत गेला की थांबायचं. वॉचमननं माझा अवतार बघितला आणि विचारलं, "सामान आणलंय का?" म्हटलं, "नाय बाबा. आमचंच सामान आत लावलंय, ते बघायला आलोय."

आत एसी, अत्तर, कुजबुज. मधोमध मिरजेचा तानपुरा. भोपळा कसा वाळवतात, तारा कशा जुळवतात, 2024 साली जीआय मानांकन मिळालं, सगळं बारीक लिहिलेलं. तलवारी घासणाऱ्या शिकलगारांनी वाद्यं घडवली, तेही लिहिलेलं. झकास! लिहायलाच पाहिजे. मग पुढच्या भिंतीपाशी हीच अक्कल कुठं शेण खायला गेली?

भिंतीवर काचेत हलगी. खाली एवढंच: लोकवाद्य, कडं आणि कातडं. मेलेलं ढोर ओढलं कुणी? कातडं कमावलं कुणी? लग्नात नवरदेवापुढं, जत्रेत पालखीपुढं, मयतीत तिरडीपुढं, दवंडीला चावडीपुढं ती बडवली कुणी? आणि पंगत बसली की उकिरड्याकडेला बसवलं कुणाला? ही कला नव्हती, वेठ होती. 'लोक' या दोन अक्षरांत अख्खा मांगवाडा, महारवाडा बुडवायची ही सोय.

पुढं विठाबाई. 1957 आणि 1990 चे राष्ट्रपती पुरस्कार मोठ्या अक्षरांत. नाव मात्र विठाबाई नारायणगावकर. फडाच्या पाटीवर नाव होतं विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. बाईनं बापाचं नाव जातीसकट भर स्टेजवर मिरवलं, यांना ते भिंतीवर लिहवेना. 2002 साली ती हलाखीत गेली, हेही लिहवलं नाही.

शेजारी पठ्ठे बापूराव (1866–1945). रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण असून तमाशात आले, केवढा त्याग! माणूस मोठा होता, वाद नाही. पण पवळा? हिवरगावची महाराची पोर. ती शेवटच्या ओळीत, 'साथीला'. त्याच्यापुढं कुळकर्णीपण सोडायचा रस्ता होता. तिला महारपण सोडायचा रस्ता कोणत्या फडातून जात होता?

1930 च्या दशकात गावोगाव फिरलेले आंबेडकरी जलसे तिथं नाहीत. वामनदादा कर्डक (1922–2004) नाहीत. अण्णा भाऊ आहेत, पण गणातला गणपती काढून मायभूला वंदन करणारे अण्णा भाऊ नाहीत. कानाला लावायला हेडफोन आहेत, त्यात भीमगीत नाही. 2015 साली शिर्डीत मोबाईलवर भीमगीत वाजलं म्हणून नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या पोराला जिवे मारलं. ते गाणं महाराष्ट्राच्या संगीतात बसत नाही काय? ज्या गाण्यासाठी माणूस मारला जातो तेच तर जिवंत असतं. बाकी सगळं काचेत ठेवा.

माझ्या आजीचा बाप हलगी वाजवायचा. 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि त्यानं हलगी चुलीत घातली. त्याच जाळावर भाकरी भाजली. कातडं जळल्याचा वास आजीच्या नाकातून मरेस्तोवर गेला नाही. त्या वासासाठी आहे का रे तुमच्याकडं काचपेटी?

आता आपली पोरं जयंतीला हलगी धरतात. काही म्हातारी माणसं तोंड फिरवतात. त्यांना हसू नका, त्यांच्या पाठीवर ती वाजलीय. पण आमचं ऐका. चुलीत गेली ती हुकमाची हलगी. आज ज्याला धरायची त्यानं आपल्या मर्जीनं धरावी, आपल्या मोर्चात धरावी. फक्त यांच्या दारात उभं राहू नका. आणि यांच्याकडं सत्कार मागू नका. प्रत्येक वाद्याखाली लिहायला लावा: कातडं कुणी कमावलं, बडवलं कुणी, बदल्यात मिळालं काय. लिहीत नसतील तर आपण खडू घेऊन जाऊ.

बाहेर आलो. पोरांना विचारलं, काय देतात? "पाचशे आन वडापाव." आत बघितलं का? "आत कुठं सोडत्यात, दादा?"

म्हटलं, चला. पाच जण आत घुसलो. वॉचमन ओरडत मागं. सगळ्यात धाकटा काचेपाशी उभा राहिला, नाक लावून बघितलं आणि खदाखदा हसला.

"हिला कुणी शेकलीच नाय, दादा. ढब्ब वाजंल."

शेकल्याबिगर हलगी बोलत नसते, दोस्तांनो. जाळ करा.