फलक घाटावर हवा

सेतूच्या यात्रेकरूंसाठी सरफोजीराजांनी ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. तेथे अन्नाबरोबर औषधोपचाराचीही तरतूद होती. वाटसरूचे आरोग्य हा राजधर्म मानला गेला, तो असा. आज स्नानाच्या पाण्याचा निकष केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घालून दिला आहे: १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत, २५०० हून अधिक मुळीच नसावेत. परंतु हा आकडा दप्तरात राहिला तर स्नान करणाऱ्यास त्याचा उपयोग काय? नितळ पाण्यातील जंतू डोळ्यांस दिसत नाहीत!

चेन्नईजवळच्या कोवलम किनाऱ्यास २०२१ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मिळाला. पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष किनाऱ्यावरच लावणे ही त्या मानांकनाची अट आहे. सहलीस येणाऱ्याला जो हक्क, तो रामेश्वरी अग्नितीर्थात बुडी मारणाऱ्या यात्रेकरूस का नसावा?

‘फलकाने भाविकांची मने दुखावतील,’ असे कोणी म्हणतील. तीर्थाचे पावित्र्य आकड्याने उणावत नाही, सांडपाण्याने उणावते. शासनाच्या सेवेत असलेल्या आमच्या वाचकांनी एवढे करावे: आपल्या अधिकारक्षेत्रातील प्रत्येक स्नानस्थळी पाण्याची प्रतवारी, तपासणीच्या तारखेसह, तेथील लोकभाषेत लावावी.