आधी भरती पाहा, मग पक्षी

हा अंक हाती पडेल तेव्हा अलिबागजवळच्या आक्षी किनाऱ्यावर कुरव उतरलेले असतील. तिथे जाताना दुर्बिणीआधी पंचांग उघडा. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ, अष्टमीला सहा. ओहोटीत चिखल्या, तुतवार दूरवर पांगतात. पाणी चढू लागलं की तेच थवे आपल्याकडे सरकतात. तेव्हा नुसतं बसून राहावं. (कुरवांची वयात न आलेली पाखरं ओळखायच्या फंदात पडू नये, जाणकारही चकतात.) हजारो किलोमीटर उडून आलेल्या या पाहुण्यांना वसंतातल्या परतीसाठी चरबी साठवायची असते. फोटोसाठी थवा उठवणं ही शुद्ध दांडगाई. वाळूवर गाडी नेऊ नका, आणि कुत्रा सोबत असेल तर साखळी सोडू नका.