मुलांना विचारू द्या

दिवेलागणीला शुभं करोति म्हणण्याचा रिवाज जसा अनेक मराठी घरांत होता, तसाच आम्हा ख्रिस्ती घरांत कौटुंबिक प्रार्थनेचा. सगळ्यांनी एकत्र बसायचे, एखादे गीत म्हणायचे, पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचा आणि प्रार्थना करून उठायचे. टीव्ही, क्लास आणि मोबाइल यांनी ही वेळ खाल्ली, अशी तक्रार आता सर्रास ऐकू येते. ती खोटी नाही. पण सगळा दोष यंत्रांवर ढकलून मोकळे होणे मला पटत नाही. जिथे वाचन अजून नेमाने होते, तिथेही पुष्कळदा मुले मनाने केव्हाच उठून गेलेली असतात. वचन पाठ करा, डोळे मिटा, आमेन म्हणा. एवढेच त्यांच्या वाट्याला येते. विचारायची सोय नसते.

खुद्द शास्त्राची अपेक्षा मात्र वेगळी आहे. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा विधी सांगितला आहे. पुढे मुले त्याचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना काय सांगायचे, हेही तिथेच सांगून ठेवले आहे. मूल विचारणार, हे गृहीतच! आजही ज्यू घरांत वल्हांडणाच्या रात्री प्रश्न विचारण्याचा मान परंपरेने सर्वांत लहान मुलाचा असतो. आणि लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये सापडतो, तेव्हा तो काय करत असतो? त्यांचे ऐकत असतो आणि त्यांना प्रश्न विचारत असतो.

एक उदाहरण घेऊ. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याची गोष्ट आहे. तो काही मजूर पहाटे लावतो, काही दुपारी, तर काही दिवस मावळायला तासभर उरला असताना. संध्याकाळी मजुरी मात्र सगळ्यांना सारखीच देतो. दहा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट वाचून दाखवा. तो ताबडतोब म्हणेल, हा तर अन्याय झाला! इथे आपण घाईने ‘देवाची कृपा अशीच असते’ असे सांगून पुस्तक मिटतो. माझ्या मते खरे वाचन इथूनच सुरू होते. मुलाची तक्रार गोष्टीतले पहाटेचे मजूरही करतात. सांगणाऱ्याने ती वगळलेली नाही. मग मुलाला आपल्या शहरातल्या मजूर अड्ड्याची आठवण द्यावी. दुपार झाली तरी काम न मिळालेला माणूस तिथे का थांबतो? त्याच्या घरी रात्री पीठ अर्ध्याच दिवसाचे लागते का? मूल विचारात पडेल. कदाचित तरीही त्याला पटणार नाही. न पटू दे. न पटलेली गोष्ट डोक्यात राहते; पाठ केलेली परीक्षेनंतर जाते.

काही प्रश्नांना आपल्याजवळ उत्तर नसते. अब्राहाम पोटच्या मुलाला वेदीवर ठेवतो, हे ऐकून लेकरू घाबरून आपल्याकडे पाहते, तेव्हा शहाणपणाचा आव आणू नये. ‘मलाही हे अवघड वाटते’ असे म्हटल्याने आईबापांचा मान कमी होत नाही. उलट, विश्वास म्हणजे तोंड बंद ठेवणे नव्हे, हे मुलाला कळते.

आणि हे वाचन मराठीतच व्हावे. इंग्रजी शाळेतल्या मुलाला इंग्रजी बायबल सोयीचे, असे आपण समजतो. पण मूल ज्या भाषेत आईशी भांडते, त्याच भाषेत त्याला खरे प्रश्न सुचतात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्यातही श्रोते मधूनमधून शंका विचारतात आणि पाद्री उत्तरे देतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळे बायबल मराठीत आणले, ते साध्यासुध्या बायकांना कळावे म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले. लोकांना कळावे म्हणून एवढ्या माणसांनी आयुष्य वेचले आणि आपण ते न कळता म्हणून टाकावे, हे बरे नव्हे.

यासाठी तासभर नको, दहा मिनिटे पुरेत. एकच गोष्ट घ्यावी, ती मुलाला वाचू द्यावी, आणि पहिला प्रश्न त्याचा असावा. चुकला म्हणून कोणी हसू नये. पोथी असो की पवित्र शास्त्र, ज्या घरात मुलाला विचारता येत नाही, तिथले मूल एक तर बाहेर कोणाला तरी विचारते, नाही तर विचारणेच सोडून देते. मला भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची.